बिनपंखी तुडतुड्याची तक्षीम

जगात एखादी गोष्ट खऱ्या अर्थाने अस्तित्वात यायची, तर तिचे वर्णन कुणीतरी करावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात एवढ्याने भागत नाही. तिचे वाटपही व्हावे लागते. वाटप न झालेली वस्तू आमच्याकडे असते खरी, पण ती असण्याचा उपयोग फक्त वकिलांना होतो.

सन १९२९ पर्यंत रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तिळाएवढा, गवताच्या रंगाचा, बिनपंखी तुडतुडा वर्णनावाचून आणि वाटपावाचून सुखाने राहत होता. पावसाळ्यानंतर गवत कापले की बुडख्यांना दवावर कोवळे फुटवे येतात. त्यांचा रस प्यायचा, उडी मारायची, पुन्हा रस प्यायचा, असा त्याचा दिनक्रम. (पंख नसल्याने मुंबईला नोकरीस जाण्याचा प्रश्न नव्हता. जिल्ह्यातल्या इतर नरांना पंख नसले तरी आगबोट होती.)

त्या वर्षी तुळशीच्या लग्नासाठी आवळ्याची फांदी आणायला सावित्रीबाई सड्यावर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांवर एक हिरवा ठिपका होता. त्यांनी तो झटकला. ठिपक्याने उडी मारली आणि तो त्यांचे यजमान भिकाजीपंत यांच्या ताकाच्या वाटीच्या काठावर बसला. भिकाजीपंत इंग्रजी शाळेत सृष्टिज्ञान शिकवत. शाळेचे एकुलते एक सूक्ष्मदर्शक यंत्र ते उन्हाळ्यात 'दुरुस्तीसाठी' घरी आणत आणि दिवाळीनंतरही ते दुरुस्तच होत असे. ताक तसेच राहिले. ठिपका काचेच्या नळीत गेला. रात्रीच्या जेवणाला भिकाजीपंत म्हणाले, "हा जगात कुणाला माहीत नाही."

"मला सकाळपासून माहीत आहे," सावित्रीबाई म्हणाल्या.

आता नवी जात ठरवण्याची शास्त्रीय पद्धत सांगितली पाहिजे, कारण ती फार उदात्त आहे. एका जातीचे लाखो जीव असतात. त्यातला एक पकडून मारतात. मेलेला तो एक म्हणजे जात. बाकीचे जिवंत जीव त्याच्यासारखे दिसतात म्हणून त्या जातीत धरले जातात, इतकेच. पुढे कधी वाद आला, तर जिवंताची साक्ष घेत नाहीत, नळीतल्याची घेतात. (आमच्या घराण्यांतही मूळ पुरुष असेच ठरतात.)

भिकाजीपंतांनी पायांचे काटे, डोक्याची लांबी, पोटावरचे पट्टे असे सारे लिहून नळीसकट कलकत्त्याच्या एका विद्वान साहेबांकडे पाठवले. बऱ्याच महिन्यांनी नळी परत आली आणि सोबत उत्तर आले. जात नवी दिसते, अभिनंदन. परंतु पाठवलेला नमुना मादी आहे. या कुळात ओळख नरावरून पटते. नराशिवाय वर्णन छापता येत नाही. (हा नियम कीटकांपुरताच असल्याचे साहेबांनी लिहिले होते. सावित्रीबाईंना तसे वाटले नाही.)

त्या संध्याकाळी भिकाजीपंत नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले, "नर मिळाला की जातीला तुमचं नाव देईन म्हणतो. तुमच्या निऱ्यांवर सापडली."

सावित्रीबाई आधी हसल्या. किड्याला बायकोचे नाव! पण भांडी घासताना त्यांच्या लक्षात आले, की त्यांचे नाव कुठेच नाही. माहेरचे लग्नात बदलले. दारावर यजमानांचे, जमिनीवर सासऱ्यांचे, तांब्याच्या हंड्यावर आजेसासऱ्यांचे. एका वाटीवर होते, ती गेल्या वर्षी आडात पडली. मग त्या नळीतल्या मादीकडे अधूनमधून बघू लागल्या. कंदिलाच्या उजेडात ती तशी वाईट दिसत नव्हती. महिनाभरात त्यांना ते नाव इतके हवेसे झाले, की कुणी अंगावरचा किडा झटकला तरी त्या वाकून तो कुठे पडला ते बघत.

येथवर सर्व सुरळीत होते. अडचण एवढीच, की सडा सामाईक होता.

भिकाजीपंत आणि त्यांचे चुलतभाऊ आप्पा यांची घरे एका भिंतीची. सड्याची तक्षीम, म्हणजे वाटणी, दोघांत निम्मी. पण कोणती निम्मी याचा दावा त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून चालू होता. दावा चालू असताना सड्यावर कोणी काय करतो यावर दोन्ही घरांची नजर असे. तिथे गाय चारली तर वहिवाट, दगड उचलला तर वहिवाट, चप्पल विसरली तर ताबा. फक्त कुळवाडी महिपत दसऱ्यानंतर गवत कापी आणि भारे दोन्ही अंगणांत सारखे टाकी. त्यामुळे कोणाचेच काही सिद्ध होत नसे आणि दोघेही समाधानी असत.

अशा जागी १९३० च्या कार्तिकात भिकाजीपंत जाळी घेऊन ओणवे फिरू लागले. दुसऱ्याच दिवशी आप्पा हातात काठी घेऊन वर आले.

"काय रे भिकू, काय पेरतोयस?"

"पेरत नाही. नर शोधतोय."

"घरात कमी आहेत होय?"

"तुडतुड्याचा, आप्पा. शास्त्रासाठी."

आप्पा सावकाश म्हणाले, "म्हणजे तू या जमिनीतून उत्पन्न काढतोयस."

आप्पांचा तर्क निर्दोष होता, हे मान्य केले पाहिजे. गवत हे उत्पन्न, गवतावरचे ते उत्पन्नाचे उत्पन्न. आठवडाभरात मनाई हुकुमाचा अर्ज पडला. भिकाजीपंतांनी कैफियत दिली, की तुडतुडा हे उत्पन्न नसून ज्ञान आहे. आप्पांनी उलट लिहून दिले, की ज्ञान असेल तर तेही सामाईकच.

कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर पाठवला. त्याच्यासाठी सावित्रीबाईंनी किटलीतून चहा नेला. आप्पांच्या पत्नी द्वारकाबाई, म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या जाऊबाई, त्यांनीही दुसरी किटली आणली. निःपक्षपातीपणा राखण्यासाठी कमिशनरने दोन्हींतला चहा सारखा मापून प्यायला आणि पुढची पाहणी त्याला वरचेवर झुडपांआड जाऊन करावी लागली. तो एकदा परत येत असताना तुडतुडा दिसला. तो आप्पांच्या उपरण्यावर बसला होता.

भिकाजीपंतांनी भिंग डोळ्याला लावले. "नर आहे," ते म्हणाले. "हा बघा, शेपटीकडे काळा. आप्पा, हलू नका."

आप्पा हलले नाहीत. "माझ्या अंगावर आहे. ताबा माझा."

"एवढं टिपून घेऊ द्या हो."

"साहेब," आप्पा मान न वळवता कमिशनरला म्हणाले, "प्रतिवादी माझ्या अंगावरून माल उचलतोय, हे लिहून घ्या."

कमिशनर टाक शोधू लागला. सावित्रीबाई किटली धरून उभ्या होत्या. त्यांचे नाव त्यांच्यापासून दोन हातांवर, आप्पांच्या खांद्यावर, पाय चोळत बसले होते. टाक सापडला, शाई सापडली, आणि नराने उडी मारली.

पंचनाम्यात पुढील नोंद झाली : गवत, कापलेले. दगड, पुष्कळ. पक्षकार, हजर. तुडतुडा, एक, वादग्रस्त, फरार.

त्या दिवशी दिवेलागणीला द्वारकाबाई मागच्या दाराने आल्या. हातात आंबोळ्या झाकून आणल्या होत्या. दोन्ही घरांत दावा चालू असला तरी आंबोळ्या चालू होत्या.

"मी यांना समजावते," द्वारकाबाई म्हणाल्या. "चार दिवस भावोजींना सड्यावर जाऊ दे म्हणते. पण किड्याला नाव ठेवताना माझंही घाला. मी थोरली, तेव्हा आधी माझं, मग तुझं. वाढलं तर वाढलं नाव, त्याला काय उचलून न्यायचंय?"

झाले असते. साधे, सरळ, फुकट झाले असते. भिकाजीपंतांनी साहेबांना विचारले असते, साहेबांनी खांदे उडवले असते आणि दोन जावा एका तुडतुड्यावर सुखाने नांदल्या असत्या. पण सावित्रीबाईंना एकदम सगळे आठवले.

"हळदीकुंकवाला आधी बोट तुमच्या कपाळाला. ओटीत मोठा नारळ तुमचा. पंगतीत पाट तुमचा वरचा," त्या म्हणाल्या. "किड्यात तरी राहू दे की मला एकटीला, वन्सं... जाऊबाई." रागात त्यांची हाकसुद्धा चुकली.

द्वारकाबाई उठल्या. "बरं," म्हणाल्या, आणि आंबोळ्या ठेवून गेल्या. (त्या सावित्रीबाईंनी खाल्ल्या. दोष आंबोळ्यांचा नव्हता.)

कोर्टाने हुकूम दिला : निकाल लागेपर्यंत सड्यावर जैसे थे. कोणी जाऊ नये, चारू नये, कापू नये.

हे 'कापू नये' मागितले कोणी, तर दोन्ही पक्षांनी. भिकाजीपंतांना पूर्ण माहीत होते, की तुडतुडा कापल्या गवताच्या फुटव्यावरच जगतो. त्यांनी स्वतःच ते वर्णनात सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्यांनी वकिलाला तसे सांगितलेही. वकील दचकले. "भलतंच काय! महिपत दरसाल गवत कापतो असं आपणच कबूल केलं, तर उद्या कूळ वहिवाट सांगेल. तुडतुड्याचं राहू द्या, सडा जाईल." भिकाजीपंतांनी विचार केला आणि त्यांना ते पटले. सुशिक्षित माणसाला नीट समजावून सांगितले, की पटते.

महिपत मात्र दोन्ही अंगणांत येऊन ओरडून गेला. "गवात कापू नको, तर गुरांच्या म्होरं काय तुमचं कागूद टाकू?" त्याला कायद्याचे ज्ञान नसल्याने कोणी उत्तर दिले नाही.

दोन पावसाळे गवत वाढले, वाळले, आडवे झाले, त्यावर पुन्हा वाढले. भिकाजीपंत रोज संध्याकाळी गडग्याच्या दगडी कुंपणापर्यंत जात आणि हद्दीबाहेर उभे राहून भिंगातून आत बघत. भिंगातून तेवढ्या लांबचे काही दिसत नाही, हे ते शाळेत शिकवत असत. सावित्रीबाई त्यांच्यामागे उभ्या राहत. त्यांनाही काही दिसत नसे; पण आपले नाव तिथे कुठेतरी आहे, या विचाराने बरे वाटे.

१९३३ साली निकाल लागला. सड्याच्या मधोमध दगडांची ओळ घालून निम्मा इकडे, निम्मा तिकडे. आजोबांनी सुचवले होते तेच. दोन्ही घरांत पेढे वाटले गेले, कारण दोघेही जिंकले होते. महिपतने गवत कापले. कार्तिकात दवावर कोवळे फुटवे आले. भिकाजीपंत जाळी घेऊन आपल्या तक्षिमेत फिरले. मग आप्पांनी, जिंकल्याच्या उदारपणात, आपल्याही तक्षिमेत फिरू दिले. फुटवे होते, दव होते. तुडतुडा नव्हता. दुसरीकडून उडत यावा, तर त्याला पंख नव्हते.

शेवटी कलकत्त्याच्या साहेबांना दया आली आणि १९३५ मध्ये त्यांनी एकट्या मादीवरून वर्णन छापले. आगबोटीने त्या शास्त्रीय मासिकाचा अंक आला. सावित्रीबाईंचे नाव त्यात होते, लॅटिन वळणाचे, तिरप्या टाइपात. खाली 'नर अज्ञात'. भिकाजीपंतांनी त्यांना ते तीनदा वाचून दाखवले. आप्पांचीही नोटीस आली : सदर मृत मादी वाटपापूर्वी सामाईक जागेत मिळाली असल्याने तिची तक्षीम अद्याप व्हायची आहे.

नोटीस आली त्याच संध्याकाळी द्वारकाबाई मागच्या दाराने आल्या. "कुठे आहे गं तुझं नाव? दाखव."

सावित्रीबाईंनी बोट ठेवले. द्वारकाबाईंना लॅटिन येत नव्हते, तरी त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान आहे," म्हणाल्या. "आता हे लावायचं कुणाला?"

सावित्रीबाईंनी अंक मिटला. त्यानंतर त्यांनी तो कोणाला दाखवला नाही.

मादीचा दावा पुढच्या पिढीने चालवला आणि अजून तो निकालात निघालेला नाही. तरी वाचकांपैकी ज्यांच्या घराण्यात वाटप व्हायची जमीन असेल (नसेल, तर आपण हे चुकून वाचत आहात), त्यांनी यंदा गवत कापल्यावर तिथे जाऊन ओणवे व्हावे आणि नर दिसल्यास कळवावे. जाण्यापूर्वी चुलतभावाची संमती घ्यावी. घेणार नाही, हे आम्ही जाणतो. हे वाचताना तुम्हाला ज्या चुलतभावाची आठवण होऊन हसू आले, तोही हे वाचतो आहे. आणि त्याला हसू येते आहे ते तुमच्या आठवणीने.