दह्यानंतर तूप

भागीरथीकाकूंचा शिरा कधी मुकाट्यानं झाला नाही. उत्तरेकडच्या लश्कर शहरातल्या आम्हा मराठी घरांत सत्यनारायण म्हटला की पूजा सांगायला वामनभटजी आणि प्रसादाचा शिरा करायला त्यांची बायको, म्हणजे काकू, असं जोडीनंच बोलावणं जायचं. भटजी बाहेर पूजा सांगायचे, काकू आत रवा परतायच्या आणि मधूनच पितळी कढईच्या काठावर लोखंडी उलथनं असं काही हाणायच्या की पाळण्यातलं पोर दचकून उठावं. "हात जड आहे बाईचा," माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पण असा शिरा दुसरीला साधायचा नाही." त्या चवीपायी सगळ्यांनी तो आवाज पदरात घेतला होता.

मी लग्न होऊन इंदरगंजातल्या या घरी आले तेव्हा सोळा वर्षांची असेन. सासरे दरबारच्या कचेरीत, घरात सोवळं कडक. त्या श्रावणात पूजेला सासू-सासरे बसले होते आणि मला काकूंच्या हाताखाली केळी सोलायला बसवलं होतं. बाहेर पंचामृताचं स्नान चाललं होतं. दूध झालं, दही झालं. दह्यानंतर तूप, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वामनभटजी दह्यावरून थेट मधावर निघाले. तोच माझ्या कानाशी ठण्णकन उलथनं वाजलं. बाहेर क्षणभर सगळं थांबलं, भटजी खाकरले आणि म्हणाले, "घृतस्नानं समर्पयामि."

मी अर्धं सोललेलं केळं हातात धरून बघत राहिले.

"बघतेस काय? तूप राहिलं होतं," काकू म्हणाल्या. "एकदा वाजलं की काहीतरी राहिलं. दोनदा वाजलं की म्हटलेलंच परत म्हणताहेत. तीनदा वाजलं की आता आवरा, शिरा करपतोय. आणि हे बाहेर बोललीस तर बघ. फिजूल बोलू नये."

'फिजूल बोलू नये' हे त्यांचं पालुपद. स्वतः मात्र दिवसभर बोलायच्या. नव्या सुनांना फैलावर घेणं हा तर त्यांचा हातखंडा. वाती पाच वळल्या आणि एक जाड झाली तर पाचही परत. गंध पातळ उगाळलं तर "देवाला सर्दी करायचीय का?" एकदा नई सडकेवर फुलवाल्याशी त्यांचं जुंपलं होतं. तो दूर्वांची जुडी पुढे करत होता आणि काकू तारस्वरात सांगत होत्या, "भैया, ये दूर्वा नहीं, घास है. अपनी भैंस को खिलाओ." भोवती माणसं जमली, मी लाजेनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "माताजी, आप खुद चुन लो." काकूंनी टोपली उपडी करून एकवीस काड्या निवडल्या आणि तोऱ्यात निघाल्या.

त्यांच्या पोटात काय होतं ते मला हळूहळू कळलं. वडील भिक्षुक. ओसरीवर भावाला संथा द्यायचे आणि ही आत तांदूळ निवडत ऐकायची. भाऊ ठोंब्या, त्याला चार दिवसांत जमायचं नाही ते हिला एका दिवसात पाठ. एकदा तो अडला तेव्हा हिनं आतून पुढचं म्हणून टाकलं. वडील रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, बाईनं तयारी करायची. फुलं, वाती, गंध, नैवेद्य. तोंडाचं काम पुरुषाचं. "तेव्हापासून तयारीच करतेय," काकू म्हणायच्या. "पाट मांडायचा मी, बसायचं त्यांनी." आणि मग माझ्याकडे बघून, "तुझं तरी काय? पूजेत बायकोचं काम एकच. नवऱ्याच्या हाताला हात लावायचा. झालं अर्धं पुण्य."

उभ्या जन्मात या बाईला पूजेत स्वतःचा म्हणून एवढाच आवाज होता, कढईच्या काठावरचा. हे साऱ्या लश्करात फक्त मला माहीत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना मला लाज वाटते.

वामनभटजी गेले. काकूंच्या कपाळावरचं कुंकू गेलं, अंगावर लाल आलवण आलं. वर्षश्राद्ध उरकलं तेव्हा मीच त्यांना निरोप धाडला, श्रावणात शिऱ्याला तुम्हीच या. त्या आल्या. एव्हाना सासूबाई थकल्या होत्या आणि पाटावर यांच्या शेजारी मी बसू लागले होते. पूजा सांगायला नवे भटजी, काशीला शिकून आलेले. वाणी स्वच्छ, पोथी समोर नाही, कुठे अडखळणं नाही. आमचे हे तर बघतच राहिले. दूध झालं. दही झालं. भटजींनी तुपाच्या वाटीकडे हात नेला आणि आतून ठण्णकन उलथनं वाजलं.

भटजींचा हात तिथंच राहिला. त्यांनी दारातून आत पाहिलं, तर काकू उलथनं धरून त्या वाटीकडेच बघत होत्या. "तूप मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातून पूजा सांगायची या घरात पद्धत आहे का?"

घरभर पाहुणे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, घरची बाई म्हणून. माझा हात यांच्या हाताला लावलेला होता. मला म्हणता आलं असतं, भटजी, हो, आहे पद्धत. निदान गप्प बसता आलं असतं. मी तिथूनच म्हणाले, "काकू, उलथनं खाली ठेवा."

पूजा पार पडली. भटजींना दक्षिणा देऊन मी आत गेले. काकू द्रोणांत शिरा भरत होत्या, प्रत्येक द्रोणात बेदाणा येईल असा. मी म्हटलं, "काकू, ते तूप म्हणणारच होते हो."

"म्हणणारच होता. चांगला म्हणतो, स्वर शुद्ध आहेत त्याचे." त्यांनी आणखी एक द्रोण भरला. "पण तीस-पस्तीस वर्षं माणूस एकाच जागी चुकतो होय गं?"

मी पुढचा रिकामा द्रोण त्यांच्यापुढे सरकवला.

"पहिल्या वेळी आमचे हे खरंच चुकले होते. मी न राहवून वाजवलं. घरी जाताना वाटलं, आता काही खैर नाही. तर वाटेत विचारलं, तुला सगळं येतं का? मी मान हलवली. बाकी काही बोलले नाहीत. पुढच्या पूजेत परत तूप सोडलं, आणि मधाची वाटी उचलून थांबले. मी वाजवीपर्यंत पुढे जाईनात." त्या थोडं हसल्या. "चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय होती का आपल्याला? तेवढी जागा करून दिली होती त्यांनी. आज कान तिथंच गेला आणि हात उठला. चुकलंच माझं. पूजेत विघ्न आणलं."

त्यावर काय बोलायला हवं होतं, ते मला आज या वयात दहा तऱ्हांनी सुचतं. तेव्हा मी म्हणाले, "शिरा मात्र छान झालाय."

"फिजूल बोलू नये," काकू म्हणाल्या. "पाहुणे खोळंबलेत, द्रोण ने."

पुढच्या श्रावणात त्या पुन्हा आल्या. कढई चुलीवर चढवली, तूप सोडलं. बाहेर मी पाटावर बसणार, तेवढ्यात त्यांनी मला दारातून खुणेनं बोलावलं. त्यांच्या एका हातात घरून आणलेलं लाकडी उलथनं होतं. दुसऱ्या हातातलं आमचं लोखंडी त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे तू ठेव," म्हणाल्या. "हात राहत नाही."

मी ते घेतलं आणि पाटामागे भिंतीला टेकवून ठेवलं. पूजा सुरू झाली. दूध झालं, दही झालं. आत रवा परतल्याचा नुसता वास येत होता. मग तूप, मग मध, सगळं बिनचूक, कुठे काही राहिलं नाही. उलथनं माझ्या हाताशी होतं आणि स्वयंपाकघर चार पावलांवर. मी यांच्या हाताला हात लावून बसून राहिले.