सोळा व्हायोलिनं आणि एक बरणी

नातीचे दुधाचे दात पडायला लागले आणि आजोबांचे उरलेसुरले दात पडून संपले, त्या वर्षीची ही गोष्ट.

आजोबा एके काळी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. त्यांच्या तरुणपणी एक गाणं घराघरांत वाजलं होतं. त्या गाण्यामागे सोळा व्हायोलिनं होती, आणि शेवटच्या रांगेतलं, दाराजवळचं व्हायोलिन आजोबांचं. लग्न झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने ती रेकॉर्ड आजीला ऐकवली. आजीने कान देऊन ऐकली आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे?"

तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या घरी राहायलाच आला. रेडिओवर गाणं लागलं की आजी हातातलं काम थांबवून ऐकायची आणि मान हलवायची. "नाही बाई. आजही नाही ऐकू आलात."

"अगं, सोळा जणांत एकटा ऐकू आला तर त्याला घरी पाठवतात," आजोबा म्हणायचे. मग स्वतःच पुस्ती जोडायचे, "मला कधीच पाठवलं नाही. यावरून काय ते समज."

जावई रेकॉर्डिंगच्याच धंद्यात होता. जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमासाठी त्याला नेमकं हेच गाणं, जुन्या आवाजासकट, उभं करायचं होतं. सोळा वादक आणायचे कुठून? कॉम्प्युटरमध्ये मिळणारी तयार व्हायोलिनं त्याने लावून पाहिली, पण ती साबणाने धुतल्यासारखी वाजत होती.

"बाबा, तुमचाच एकेक सूर वेगळा वाजवून घेतो," तो म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये भरतो. मग की-बोर्डची पट्टी दाबली की तुमचं व्हायोलिन वाजेल. थरावर थर चढवले की झाली सोळा."

"सोळाही मीच?"

"सोळाही तुम्हीच."

आजोबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज चढवला. "ऐकलंस का? आता सगळीकडे मीच. आता तरी ऐकू येईन ना?"

"सोळा तुम्ही?" आतून उत्तर आलं. "मला एकच पुरे झालाय."

झोपायच्या खोलीत गाद्या भिंतींना लावून उभ्या केल्या. पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून उशांखाली कोंबलं. आजीला ताकीद मिळाली : भांडं आपटायचं नाही, नळ सोडायचा नाही, बोलायचं नाही. शेवटची अट ऐकून नातीने आजीकडे फार दयेने पाहिलं.

मग सुरू झालं. एक सूर हळू, तोच जोरात, तोच लांब, तोच तुटक. आजोबा घामाघूम झाले, मान अवघडली, आणि प्रत्येक सूर संपता संपता ते विचारायचे, "बरा होता?"

"बाबा, सूर पुरता विरेपर्यंत बोलू नका हो. ते सगळं मला कापत बसावं लागतं."

"काय करू, सवय आहे. शेवटच्या रांगेला कुणी 'बरा होता' म्हणत नाही. आपणच विचारून घ्यावं लागतं."

सगळ्यात शेवटी राहिला पंचम. गाण्याची प्रत्येक ओळ येऊन टेकते तो सूर. आजोबांनी डोळे मिटून लांब गज ओढला. असा सूर त्यांच्या हातून उभ्या जन्मात लागला नव्हता. तो विरत चालला होता, जावई श्वास रोखून होता, आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो!"

"आलो!" आजोबा सवयीने ओरडले आणि व्हायोलिन गादीवर टाकून निघाले.

आजीला बरणीचं झाकण उघडत नव्हतं. "आपटायचं नाही म्हणालात, म्हणून आपटलं नाही," ती म्हणाली. "मग हाक मारू नको तर काय करू?"

झाकण उघडून आजोबा परतले. पुन्हा तोच सूर घ्यायचा म्हणून त्यांनी खुंटी पिळली, आणि तार तुटली. नवी चढवली, तर ती इतकी झगमगीत वाजू लागली की जुन्या सुरांमध्ये नवे कपडे घालून आलेली पाहुणी वाटावी.

"राहू द्या आधीचाच," जावई शेवटी म्हणाला. "तुमचं 'आलो' कापतो. आईंची हाक मात्र सुराच्या शेपटीत अडकलीय, ती काढली तर सूरही जाईल. पण आवाज बारीक आहे. व्हायोलिनं जरा मागे ठेवली की हॉलमध्ये कुणाला कळायचं नाही."

तसं कळलंही नसतं. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आजोबा हळूच हॉलच्या साउंडवाल्याकडे गेले.

"व्हायोलिनं जरा वाढवा."

"वादक कोण आहेत?"

"मी."

"आणि बाकीचे?"

"तेही मीच."

साउंडवाल्याने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि वाद नको म्हणून बटण भरपूर वर सरकवलं.

आजी पहिल्या रांगेत आजोबांशेजारी कान टवकारून बसली. गाणं सुरू झालं. पहिली ओळ पंचमावर येऊन टेकली, आणि चारही बाजूंच्या स्पीकरांतून सोळा बायकांनी एकदम हाक मारली, "अहो!"

"आलो!" आजोबा ताडकन उभे राहिले.

"बसा हो काका!" मागून कुणीतरी ओरडलं.

ते बसले. दुसरी ओळ टेकली. "अहो!" या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण गुडघ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते अर्धे उठले. तिसऱ्या ओळीला सगळा हॉलच "आलो!" म्हणाला. गायिकेला हसू आवरेना. की-बोर्डमागे वाकलेल्या जावयाचे फक्त कान दिसत होते, तेही लालबुंद.

"झालं," आजोबा मान खाली घालून पुटपुटले. "सोळाच्या सोळा मी, आणि ऐकू कोण आलं? तू."

आजी पदराने डोळे पुसत होती. हसून हसून तिला बोलवत नव्हतं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. "माझ्या हाकेच्या आधी जो लांब सूर येतो, तो तुमचा ना?"

"हो."

"बरा होता."

पुढे जावयाने सूर आणि हाक वेगळी करायची युक्ती शोधून काढली. "बाबा, तो पंचम आता स्वच्छ करून टाकतो."

"हात लावू नका त्याला," आजोबा म्हणाले.

ते सूर भरलेला जावयाचा जुना की-बोर्ड त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला होता. जन्मभर गज ओढला आणि आता एका बोटाने पट्टी दाबतो, लाज नाही वाटत, असं ते स्वतःलाच सुनवत आणि रोज ती एक पट्टी दाबत. सूर यायचा, विरत जायचा, मग हाक. "आलो," म्हणून ते उठत, स्वयंपाकघरात जात आणि बरणीचं झाकण सैल करून ठेवत.

आजी कार्यक्रमानंतरच्या हिवाळ्यात, नातीचे पुढचे दोन दात उगवून आले त्या महिन्यात, वारली होती.