हलू नका, सर

मन्मथअप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नाकावरच्या तिळाचे एकतीस फोटो आहेत. तीळ एकच, लेन्स निरनिराळ्या.

नांदेडला अप्पा आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. मुलगा हैदराबादेत. हार्डवेअरचं दुकान पुतण्यावर सोपवून त्यांनी हा नाद लावून घेतला होता. ओळखीच्या फोटो स्टुडिओतून लेन्स मागून आणायची आणि कोणत्या कंपनीची काच खरी ते ठरवायचं. दर रविवारी जिन्यातून हाक यायची, "सर, नवी काच आली. शर्ट घाला."

शर्ट म्हणजे निळा, चौकड्यांचा. भिंत तीच, खुर्ची तीच, उजेड सकाळी नऊचा. "येक गोष्ट बदलली की तुलना खोटी पडती." बायकोने एकदा तो शर्ट भांडीवालीला द्यायला काढला, तर अप्पा धावत खाली आले. "वहिनी, पातेलं मी देतो, पर शर्ट ऱ्हाऊ द्या." त्या पातेल्यात आम्ही अजून दूध तापवतो.

काचेची परीक्षा फोटोच्या कोपऱ्यात होते म्हणे, तिथेच ती आधी धूसर पडते. म्हणून फोटोच्या मधोमध भिंत आणि कोपऱ्यात मी. मग स्क्रीनवर माझं नाक पपईएवढं करून निकाल लागायचा. "चिनी काच खुशामत करती. जपानी खरं बोलती. जर्मन मात्र चुगलखोर हाय सर, तुमची दाढी नीट झाली न्हाई हे सांगून मोकळी." मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या तोंडावर डिटेल लई हाय."

मग माझी लातूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं. अप्पा म्हणाले, "मी इचार करून राहिलो, आता तुलना कशी व्हायची?"

"नव्या भाडेकरूला बसवा."

"त्याचं तोंड गुळगुळीत हाय."

मी हसलो खरा, पण ट्रक निघाल्यावर वाईट वाटलं.

तिसऱ्याच रविवारी दुपारी बाराला अप्पा लातूरच्या दारात उभे. एसटीने आले होते. "नवी काच आली." बायकोने न सांगता शर्ट आणून दिला. भिंत दुसरी, खुर्ची दुसरी, उजेड भर दुपारचा. तरी "हलू नका, सर," म्हणत अप्पांनी फोटो काढला. ते हातपाय धुवायला गेल्यावर मी कॅमेरा उचलून पाहिला. लेन्स जुनीच, जपानी. नांदेडच्या जिन्यात पडून तिच्या कडेला आलेला पोचा मी ओळखला.

जेवताना विचारलं, "काय म्हणते नवी काच?"

"येका दिवसात कळत न्हाई सर," ते ताटात बघत म्हणाले. "आजून लई रविवार लागतील."

"लागू द्या," मी म्हणालो. मलाही लातुरात करमत नव्हतं. तो शर्ट आता कपाटात जात नाही, दारामागच्या खुंटीलाच असतो.