बासष्ट खोटी पत्रं

शनिवारी दुपारी दादा जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून असा बसला होता, जसा काही आत्ताच किल्ला राखून आलाय. समोर धाकटी बहीण वर्तमानपत्राच्या कागदात कप गुंडाळत होती. आठ वर्षं ती मातीची भांडी घडवत होती, आणि आज पाच वाजता तिचं पहिलं प्रदर्शन होतं. हॉल एका संध्याकाळपुरताच मिळाला होता.

"ऐक, काल एका दिवसात किती खोटी पत्रं अडवली असतील मी?" दादाने विचारलं.

"किती?"

"बासष्ट!"

दादा होस्टिंग कंपनीत होता. लोकांच्या वेबसाइटी आणि ईमेल सांभाळणं हे त्याचं काम. घरात या विषयावर त्याला कुणी काही विचारत नसे, आणि म्हणून तो न विचारता सांगत असे.

झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी कुणा भामट्याने धाकटीच्याच पत्त्यावरून आल्यासारखी पत्रं तिच्या गिऱ्हाइकांना धाडली, 'भट्टी बंद झाली, इथे क्लिक करा'. दादा खवळला. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, "धाकटीच्या नावाने काहीही आलं तरी खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवू नका." मग गुरुवारी रात्री तिच्या ईमेलच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या तिच्या नावावर, पक्का बंदोबस्त केला. पत्र कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतं त्याची यादी लावली, प्रत्येक पत्रावर न दिसणारी सही ठेवली आणि वर जगभरच्या टपालाला हुकूम सोडला, 'जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवा.'

खरं तर रीत अशी, की हा हुकूम सोडण्याआधी काही दिवस नुसतं बघायचं. कोण कुठून पत्र पाठवतंय ते अहवालात येतं, ते वाचायचं, मग अडवायचं. दादा हे ऑफिसात नव्या माणसांना शिकवायचा, घरीही ऐकवायचा. पण घरचं काम! बहिणीची पत्रं कुठून निघतात हे आपल्याला ठाऊक नाही तर कुणाला?

धाकटीचा हात थांबला.

"बासष्ट म्हणालास?"

"बासष्ट. सगळी काल सकाळी दहाच्या सुमाराला. भामटा एका दमात पाठवतो बघ."

"दादा, काल दहा वाजता मी बासष्ट निमंत्रणं पाठवली."

"तू? तुझ्या मेलवरून तर काहीच गेलं नाही."

"एकेक कुठे पाठवत बसू? ती सगळ्यांना एकदम पाठवणारी साइट नाही का, गेल्या वर्षापासून तिथूनच पाठवते."

ती साइट यादीत नव्हती. अहवालाच्या खालच्या तक्त्यात तिचं नाव बासष्ट वेळा होतं. दादाने वरचा आकडा तेवढा वाचला होता.

"अरे देवा! कुंपणानेच शेत खाल्लं की," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

धाकटी रडली नाही. रडली असती तर दादाला बरं वाटलं असतं. "आठ वर्षं, दादा," एवढंच ती म्हणाली आणि फोन उचलला.

पहिला फोन दातांच्या डॉक्टरांना. प्रदर्शन, हॉल, पाचची वेळ, सगळं तिने एका दमात सांगितलं.

"धाकटी बोलतेय? कशावरून?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या कपाचा कान मी दोनदा लावून दिला, डॉक्टर."

"ते काय, मीच गावभर सांगितलंय. तुमच्या भावाने बजावलंय, कशावरही विश्वास ठेवायचा नाही."

मग दादाने फोन घेतला. "मी तिचा भाऊ बोलतोय."

"वा! आता भाऊही खोटा काय?" डॉक्टरांनी फोन ठेवला.

बासष्टच्या बासष्ट फोनांची हीच गत. दादाने बजावलं होतं खरं, पण लोक इतकं ऐकतात हे त्याला आजच कळलं. चार वाजता सगळे हॉलवर पोचले. कुणीच येणार नाही असं दिसत होतं, तरी दादाची खोड जाईना. त्याने आईला दाराशी बसवलं, हातात बासष्ट नावांची यादी दिली. "तो भामटा यायचा एखाद्या वेळी. यादीत नाव नसेल आणि ओळखीचं कुणी हमी देत नसेल, तर आत सोडायचं नाही. कुणीही असो."

"कुणीही?"

"कुणीही!"

पाच वाजले. हॉलमध्ये कप, वाडगे आणि धाकटी. दादाला तिच्याकडे बघवेना.

पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर आले. सोबत दोन धट्टेकट्टे शेजारी. "खोटं आहे का ते बघायला आलो. साक्षीदार आणलेत," ते आईला म्हणाले. मग गाण्याच्या बाई आल्या, भामट्याला रंगेहाथ पकडायला अख्खा क्लास घेऊन. साडेपाचपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. भामटा काही सापडला नाही, पण आलोच आहोत तर बघू म्हणून लोकांनी भांडी हातात घेतली आणि मग ती खाली ठेववेनात. कोपऱ्यात उभ्या धाकटीचे डोळे भरून आले. दादाचेही आले, म्हणून तो घाईघाईने शेजारून खुर्च्या आणायला गेला.

दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन तो परतला, तर आईने पाय आडवा घातला.

"नाव?"

"आई, मी आहे!"

"तसं सगळेच म्हणतात." आईने यादीवरून बोट फिरवलं. "यात नाही तुझं नाव."

"मीच दिली ना यादी!"

"मग स्वतःचं नाव घालायला काय झालं होतं? हमी कोण देतंय?"

दादाने आत हाक मारली. धाकटी दारापर्यंत आली. तिने त्याला, खुर्च्यांना, त्याच्या घामाघूम तोंडाला निवांत न्याहाळलं.

"ओळखतेस का गं याला?" आईने विचारलं.

"एकदम कसं सांगू, आई?" धाकटी म्हणाली. "आधी काही वेळ नुसतं बघू. मग ठरवू."