बॅटरीचं गार पाणी

गाडीची बॅटरी कशी निवडावी आणि कशी सांभाळावी, हे मला विचारा! महिनाभर व्हिडिओ पाहून मी एवढा तयार झालो होतो, की कॉलनीत कोणाची गाडी नुसती खोकली तरी मी बॉनेट उघडायला धावायचो.

दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, ही मेंटेनन्स-फ्री घेऊन टाका. पाणी टाकाचं टेन्शनच नाही!"

"टेन्शनच नाही तर मग मी काय करू?" असं विचारून मी ऐटीत झाकणवाली, पाणी टाकायची बॅटरी घेऊन आलो.

मग नागपूरचा मे महिना आला. कुलरसमोर बसलेली माणसंसुद्धा भाजून निघत होती. मला बॅटरीचं फार वाईट वाटलं. आपण फ्रिजचं पाणी प्यायचं, आणि त्या बिचारीनं गरम? मी डिस्टिल्ड वॉटर एका छोट्या बाटलीत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. बायकोला दिसू नये म्हणून 'बॅटरी' हे नाव बाटलीच्या बुडाला लिहिलं. असा विचार करणारा जगात मी एकटाच असेन, असं मला वाटलं. आताही वाटतं.

त्या दिवशी भर दुपारी खाप्याहून माझे सासरे, मारोतराव आले. बॅटरीला मी सकाळीच कसं गार पाणी पाजलं, हे त्यांना रंगवून सांगत होतो. त्यांनी तेवढ्यात फ्रिजमधली बाटली काढली आणि तोंडाला लावली.

"लय फिक्कं पाणी आहे वं जया," ते मुलीला म्हणाले. "ना मीठ, ना लिंबू!" आणि उरलेलं संपवायला त्यांनी बाटली वर केली. मला बूड दिसलं.

"बाबा! ते बॅटरीचं पाणी आहे!"

आता डिस्टिल्ड वॉटर म्हणजे नुसतं शुद्ध पाणी. महिनाभर मी तेच तर शिकलो होतो! पण जयानं "ॲसिड!" अशी किंकाळी फोडली आणि माझं सगळं ज्ञान चप्पल न घालता पळून गेलं.

"अहो, पाहून काय राहिले नुसते! माझ्या बाबाले काही झालं तर?" ती रडायलाच लागली. मलाही वाटलं, माझ्या हौसेपायी म्हातारा जीवानिशी जाणार!

"मीठपाणी पाज, ओकारी होईल!" मी ओरडलो.

जयानं फ्रिजमधली दुसरी बाटली काढली. हुबेहूब तशीच, पण रिकामी!

"मीठ-साखर-लिंबू टाकून भरून ठेवली होती मी. कोणी संपवली?"

सकाळी बॅटरीत ओतताना लिंबाचा वास आला होता खरा. मला वाटलं, कंपनीनं सुगंध टाकला असेल!

"बॅटरीनं," मी म्हणालो.

सासऱ्यांना गाडीत बसवलं. किल्ली फिरवली. गाडीनं 'टक' केलं. पुन्हा फिरवली, तर तेवढंही केलं नाही. दवाखाना चौकातच होता, पण ॲसिड प्यालेल्या माणसाला पायी कसं न्यायचं? मारोतराव ट्रॅक्टर चालवतात, म्हणून स्टेअरिंग त्यांच्या हाती दिलं आणि मी नि जया ढकलायला लागलो. कोपऱ्यापर्यंतच माझी जीभ बाहेर आली.

मारोतराव खाली उतरले. "सरका जावईबापू, तुमच्याच्यानं नाही होत. बसा आत!"

"बाबा, तुम्ही पेशंट आहात!"

"मंग पेशंटले दवाखान्यात पोचवाचं का नाही?"

मी आत बसलो. काचा बटणाच्या, त्या बॅटरीशिवाय खाली येईनात! आत नुसती भट्टी. चौक येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

डॉक्टर पुष्पलताबाई धावत बाहेर आल्या. "पेशंट कुठे आहे?"

जयानं बाह्या दुमडून गाडी ढकलणाऱ्या बाबांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग आत मान टाकलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि स्ट्रेचर माझ्यासाठी मागवलं!

"यांना काही झालेलं नाही," सासऱ्यांना तपासून त्या म्हणाल्या. "शुद्ध पाणी प्यालेत. ऊन मात्र या जावयांना लागलंय. सलाईन लावते."

एवढ्यात, जयानं कळवल्यामुळे घाबरलेल्या सासूबाईंचा खाप्याहून फोन आला. मारोतराव माझ्या उशाशी मजेत चहा पीत बसले होते.

"अवं, मले काही नाही झालं," ते फोनवर म्हणाले. "जावयाची बॅटरी उतरली."

पलीकडून सासूबाईंनी काहीतरी विचारलं. मारोतरावांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही!" ते म्हणाले.