एक मिनिट शांततेची मोहीम

चित्रपट-विद्यालयीचे ध्वनिपरीक्षक सर यांचे सेवेसी लेखनिकाची विज्ञापना ऐसी जे, आपण पुसिलेत की, चिमणीबाईंचे घरी मनुष्ये तीन आणि तोंडे तीस असता निःशब्द ऐसे एक मिनिट कैसे हस्तगत जाहले, ती हकीकत साद्यंत लिहिणे. त्यावरून पदरचे तिखटमीठ न घालिता लिहितो.

दिग्दर्शिका चिमणीबाईसाहेब यांनी अखेरचे वर्षी आठ मिनिटांच्या चित्रपटाची मसलत धरिली आणि घरचे बैठकीच्या खोलीत तीन दिवस तळ दिला, आणि नटमंडळी मिळेना म्हणोन मातोश्री आईसाहेबांस नायिकेची व मामासाहेबांस नायिकेचे भावाची वस्त्रे दिली. त्यांस अभिनय फारसा करावा न लागला, निम्मे भांडण घरचेच होते. चित्रण फत्ते जाहले. मग बाईसाहेब संकलनास बसल्या, तो गनीम दृष्टीस पडला. आईसाहेबांची दोन वाक्ये जोडावी, तो मध्ये आवाजास खड्डा पडे, जणू घर विहिरीत बुडोन वर आले. ऐसे खड्डे भरावयास रिकाम्या खोलीची शांतता एक मिनिट, त्याच माइकने, त्याच जागी धरोन ठेवावी, हा या विद्येचा पहिला दंडक. परंतु बाईसाहेब "पॅकअप" म्हणोन चहाकडे धावल्या आणि दंडक तैसाच राहिला. माइक विद्यालयाचा, आज चार वाजता यंत्रागाराचे किल्लेदारांस परत करणे. चित्रपट उदईक सकाळी दाखल करणे. आणि ध्वनीत नापास जाहल्या तर साऱ्या वर्षावर पाणी. ऐसा बिकट प्रसंग.

मग दुपारी दोन वाजता पहिला हल्ला केला. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन गादीखाली, भिंतीवरील घड्याळ न्हाणीघरात कैद, आणि जो बोलेल तो आपला नव्हे ऐसा हुकूम सुटला. चाळीस सेकंद उत्तम गेले. इतक्यात मामासाहेबांनी पाय लांब केला आणि गुडघा ऐसा वाजला, की जणू वाळली फांदी मोडली. मोर्चा उठविला.

मग दुसरे खेपेस बसावे, तो वरले मजल्यावर शेजारीण काकूंकडील सुताराने ड्रिल चालविले आणि भिंती थरारल्या. तेव्हा आईसाहेब वकील होऊन जिना चढोन गेल्या आणि अर्ध्या तासाने तह घेऊन उतरल्या, की ड्रिल वीस मिनिटे तहकूब राहील, परंतु काकूंनी जातीने हजर राहोन चित्रपट कैसा करितात ते पाहावे. चिमणीबाईंनी अर्ज केला की, शांततेत माणसे वाढवू नयेत. परंतु काकू तोवर उशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

तिसरे खेपेस बावन्न सेकंद जाहले आणि जय हाताशी आला, तो आईसाहेब वदल्या, "झालं का गं?"

"आई, आठ सेकंद राहिले होते."

"मग सांगायचं ना तसं. मला काय कळणार किती राहिलेत ते."

त्यावर मामासाहेब म्हणाले, "ताई, लहानपणापासून तुझं हेच."

"तू गुडघा सांभाळ," ऐसे सुनावोन आईसाहेबांनी ती आघाडी मोडिली, आणि काकूंनी दोहीकडे मान डोलविली.

मग चौथा हल्ला. यावेळी पापणीही वाजो दिली नाही. साठ सेकंद पुरे होताच बाईसाहेबांनी विजयाचा हात उभारिला आणि यंत्र पाहिले, तो लाल दिवा लागलाच नव्हता. बटण दाबावयाचे खुद्द सेनापतीच विसरल्या. तेव्हा खोलीत ऐसी शांतता पडली की तीच धरिली असती तरी कार्य होते, परंतु यंत्र अद्याप बंदच.

तहाची मुदत पाच मिनिटे उरली आणि बाईसाहेबांचे नेत्री पाणी आले. "जाऊ दे आई. नापास तर नापास," ऐसे म्हणोन माइकची पेटी उघडू लागल्या. चारी दोषांत आईसाहेबांचा दोष एकच होता आणि टोमण्यास वेळ उत्तम होती, परंतु त्यांनी तो मारिला नाही. पेटी मिटोन बाजूस ठेविली आणि सेनापतीपद आपणाकडे घेतले. "सारखी येरझारा घालतेस, तर कसली शांतता? इथे बस, माझ्याजवळ. दाब ते बटण."

बटण दाबिले. लाल दिवा मामासाहेबांनी पाहिला आणि काकूंनीही वाकोन पाहिला. मग आईसाहेबांनी लेकीचे मनगट धरिले आणि चौघे बसली. साठ सेकंद गेले. मामासाहेबांनी पाय हलविला नाही. काकूंनी डोळे मिटिले. पडदा थोडा हालला, तोही दबकत. चिमणीबाई यंत्र बंद करावयास उठो पाहती, तो मनगटावरील पकड सुटेना. दोन मिनिटे जाहली, तीन होत आली. मग आईसाहेब हळूच म्हणाल्या, "राहू दे चालू. लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून हे असं कधी ऐकलंच नव्हतं."

इतक्यात वर ड्रिल कडाडले, तीच विजयाची नौबत मानिली.

माइक चारास पाच कमी असता किल्लेदारांचे हाती पोहोचला आणि चित्रपट वेळेवर दाखल जाहला. सर, त्यात बारा ठिकाणी खड्डे होते, ते आपणांस सापडले नाहीत, हीच मोहिमेची पावती. मात्र अखेरीस नावे सरोन पडदा काळा होतो आणि अंधारात एका बाईचे एकच वाक्य ऐकू येते, ते चुकीने राहिले ऐसे समजोन गुण कापू नयेत. ते बुद्ध्याच ठेविले आहे. मिनिट एक मागितले, तीन मिळाली, येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी नोंदविली असे.