कोळेकर सरांचं ‘आ करा’

कोळेकर सरांना कुणी नमस्कार केला की ते उलट नमस्कार करायचे नाहीत. खिशातून काडेपेटीतली काडी काढायचे आणि म्हणायचे, "आ करा जरा."

माणूस गोंधळून आ करायचा. तेवढ्यात काडीचं गुल नसलेलं टोक त्याच्या गालाच्या आतून फिरलेलं असायचं. काडीवरचा ऐवज काचपट्टीवर, त्यावर निळ्या रंगाचा थेंब, आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. मग सर अभिमानाने सांगायचे, "बघा, हे तुम्ही."

सत्तरच्या दशकात आष्ट्याजवळच्या एका हायस्कुलात सर जीवशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. भाड्याची खोली दोघांत एक, त्यामुळे पहिला बळी मीच. वाकून बघितलं तर निळसर, दुमडल्या कडांचे चपटे तुकडे आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक गडद ठिपका.

"ही एकेक पेशी. भोवती पातळ पडदा, आत पेशीद्रव्य, आणि तो ठिपका म्हणजे केंद्रक. सगळा कारभार तिथनं चालतो."

मी म्हटलं, "सर, माझ्या आत याहून काही बरं असेल असं वाटलं होतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं," म्हणत त्यांनी काचपट्टी धुवायला घेतली.

हळूहळू गावाने सरांसमोर तोंड उघडणंच बंद केलं. मुख्याध्यापक तर नुसत्या मानेने हो-नाही करायचे. सरांच्या रजा त्यामुळे भराभर मंजूर व्हायच्या.

शाळेच्या कमिटीचे चेअरमन दादासाहेब, नदीकाठच्या उसाचे धनी, मात्र आपणहून आले. सरांनी त्यांच्या काचपट्टीशेजारी आमच्या गणपा शिपायाची काचपट्टी ठेवली. दादासाहेब ही बघत, ती बघत.

"मास्तर, आमची जरा मोठी हाय न्हवं?"

"सारखीच आहे, दादासाहेब."

"आवं, नीट बघा की! गणपाची अन् आमची एक कशी असंल?" मग जरा विचार करून म्हणाले, "आज उपास हाय माजा. उद्या जेवून येतो, तवा परत काडा."

विट्याला सरांसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कहरच झाला. पोहे झाले, मुलगी येऊन बसली. नाव-शिक्षण विचारायचं सोडून सरांनी काडी काढली आणि म्हणाले, "आ करा जरा."

मुलीचे वडील ताडकन उठले. "दात बघताय व्हय? आमची पोरगी काय बाजारातला बैल हाय?"

बैलाचं वय दातांवरून ठरवतात, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मिळेल त्या एस.टी.ने आम्ही परतलो. वाटेत सरांना हळहळ एकाच गोष्टीची, "नमुना राहिला हो."

असा हा माणूस दिवाळीनंतर मेंढरांचे कळप आले की गप्प व्हायचा. सर मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. तिकडचा चारा संपला की कळप नदीकडे येतात आणि ऊस तुटलेल्या रानात शेतकरी ते खतासाठी बसवून घेतात. सरांच्या घरचा कळपही आमच्याच गावात यायचा. थोरल्या पोराने कळप सोडून सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हापासून त्यांचे वडील, आबा, त्यांच्याशी बोलत नव्हते. सर रोज संध्याकाळी कळपाच्या तळावर जायचे. आई भाकरी वाढायची आणि आबा उठून मेंढरांत जाऊन बसायचे. मग सरही भाकरी तशीच ठेवून उठायचे. तसेच उपाशी परत यायचे.

"एकदा त्यांनी शाळेत यावं," एकदा मला म्हणाले, "मी काय करतो ते बघावं. मग शिव्या दिल्या तरी चालतील."

आबा आले, पण ते एडक्यामागे. त्यांचा हा मेंढा शाळेच्या बागेत घुसला आणि सरांनी वर्गासाठी वाढवलेल्या जास्वंदीवर ताव मारू लागला. सर जवळपास असतील या भीतीने मुख्याध्यापक तोंड मिटूनच ओरडत होते. आबांनी एडक्याचं शिंग धरलं, त्याला ओढत ते प्रयोगशाळेसमोर आले, आणि नेमके तेव्हाच सर बाहेर पडले.

बापलेक समोरासमोर. सरांनी तोंड उघडलं. आता इतक्या वर्षांचं काहीतरी बाहेर पडणार, असं मला वाटलं. बाहेर पडलं ते असं, "आबा, आ करा जरा."

मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा एडका गणपाच्या हाती गेला होता आणि आबांनी खरोखरच आ केला होता.

आत प्रयोगशाळेत सरांनी घाईघाईत निम्मा रंग टेबलावर आणि स्वतःच्या बोटांवर सांडला. आबा पटका सावरत वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे समदं माज्या तोंडातलं?"

"व्हय, आबा."

"डोंगरावरनं खाली बगितल्यागत दिसतंय. रानात मेंढरं बसल्यात जनू." आबांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नव्हता. "अन् हे तू पोरांस्नी दावतोस?"

"व्हय."

"मंग तू बी राखणच करतोयास की रं."

ते सरळ झाले, बाहेर जाऊन एडक्याचं शिंग धरलं आणि पाठमोरेच म्हणाले, "सांजच्याला तळावर ये. संगं जेवू."

सांज व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण सर निळ्या बोटांनी डोळे पुसत तेव्हाच एडक्याच्या मागोमाग निघाले. त्यांचा पुढचा तास मीच घेतला.